रुक्मिणी : एका नामाचा अर्थ आणि त्याची वाटचाल

पंथातील पुष्कळ घरी मुलीचे नाव ठेवण्याचा प्रसंग आला म्हणजे आश्रमातील वडीलधाऱ्या साधूंस विचारण्याची चाल आहे. अशा वेळी 'रुक्मिणी' हे नाव सुचविले तर घरातून बहुधा एक हरकत येते व एक समजूत पुढे येते. हरकत अशी की, हे नाव फार जुने झाले. शाळेत मुलीला कोणी 'रखमा' म्हणून हाक मारील आणि तिला ती लागेल. समजूत अशी की, रुक्मिणी म्हणजे लक्ष्मी. नावांच्या छापील पुस्तिकांत तसा अर्थ दिलेला असतो, तेवढा पुरे. हरकतीच्या मुळाशी भाषेविषयीचे अज्ञान आहे आणि समजुतीच्या मुळाशी तत्त्वाविषयीचे. एका नावापुरती ही गोष्ट असली तरी ते नाव श्रीकृष्णचक्रवर्तींच्या लीळेशी जोडलेले आहे. म्हणून त्याचा विचार सावकाश करणे योग्य होय.

प्रथम शब्द पाहू. 'रुच्' म्हणजे प्रकाशणे, झळकणे. या धातूपासून 'रुक्म' शब्द झाला. अमरकोशात सोन्याच्या नामांत रुक्म येते, आणि पुस्तिकांतील 'सोन्यासारखी' हा अर्थ तेथूनच आला. पण वेदकाळी रुक्म म्हणजे नुसता धातू नव्हे, तो घडलेला अलंकार होता. छातीवर रुळणारी सोन्याची तेजस्वी चकती असा तो दागिना. ऋग्वेदात मरुतांचे वर्णन छातीवर रुक्म धारण करणारे असे येते. अग्निचयनाच्या विधीत यजमानाने गळ्यात बांधावयाच्या रुक्माला एकवीस उठाव असावेत, असा निर्देश शतपथ ब्राह्मणात आहे. म्हणजे 'रुक्म' या शब्दात मूल्यापेक्षा झळाळी अधिक आहे. जे दुरून दिसते, अंगावर धारण केले जाते, ते रुक्म. ते ज्याच्याजवळ आहे तो रुक्मी, आणि त्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप रुक्मिणी. यातील शेवटचा वर्ण 'ण' आहे, हे लिहिताना विसरू नये. आरंभीच्या रकारामुळे पुढील नकाराचा णकार होतो. मध्ये कवर्ग, पवर्ग वा स्वर आले तरी तो थांबत नाही, असे पाणिनीचे शासन आहे. येथे मध्ये उकार, ककार, मकार व इकार आहेत आणि चौघेही वाट अडवीत नाहीत. म्हणून 'रुक्मिनी' हे लेखन अशुद्धच होय.

आता या नावाची एक विशेष गोष्ट. विदर्भराज भीष्मकाला पाच पुत्र व एक कन्या, असे भागवताच्या दशमस्कंधात सांगितले आहे. पुत्रांची नावे रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहु, रुक्मकेश आणि रुक्ममाली. साऱ्या घराण्याने रुक्म हा शब्द कुळाच्या खुणेसारखा वापरलेला दिसतो. पुढच्या पिढीत रुक्मीची कन्या रुक्मवती, जिने स्वयंवरात प्रद्युम्नाला वरिले. त्यापुढे रुक्मीची नात रोचना, जी अनिरुद्धाला दिली गेली. रोचना हे नाव वरवर निराळे दिसते, परंतु तेही त्याच 'रुच्' धातूचे आहे. तीन पिढ्या एकच धातू फिरतो आहे. त्यामुळे 'रुक्मिणी' हे नाव मुलीच्या रूपावरून सुचले असे मानण्यापेक्षा ते घराण्याचे नाव होते, असे मानणे अधिक सयुक्तिक.

आणि मग ध्यानात येते की थोरला भाऊ व बहीण यांचे नाव वस्तुतः एकच आहे. भेद आहे तो केवळ लिंगाचा. रुक्मी आणि रुक्मिणी. व्याकरणाने ज्यांना जोडले त्यांना कथेने समोरासमोर उभे केले. भावाने शिशुपाल ठरविला, बहिणीने श्रीकृष्णांचा निश्चय केला. हरणानंतर रुक्मी पाठलाग करून पराभूत झाला, त्याचे केस-मिशा विद्रूप करून त्याला सोडण्यात आले. श्रीकृष्णांना जिंकल्यावाचून व बहिणीला परत आणल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती फसल्यामुळे त्याने भोजकट नगर वसविले व तेथेच राहिला. याच भोजकटाचे नाव पुढे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटात राज्यविभागाचे नाव म्हणून येते. चम्मक हे अचलपूरजवळचे गाव. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच भोजकट, अशी वऱ्हाडात परंपरा आहे. एकच अर्थ असलेली दोन नावे. त्यांतील एक कुणी मुलाला ठेवीत नाही आणि दुसरे सहस्रावधी घरांत ठेवले गेले. केवळ कोशातील अर्थाने नाव मोठे होत असते तर रुक्मी हे नावही मोठे झाले असते.

तेव्हा नाव मोठे झाले ते कशाने, हे पाहिले पाहिजे. हरणाची कथा हरिवंशात आहे, विष्णुपुराणातही आहे. परंतु ब्राह्मणाकरवी पाठविलेला तो प्रसिद्ध निरोप भागवताचा विशेष आहे. दशमस्कंधाच्या बावन्नाव्या अध्यायात सात श्लोकांत तो येतो. मूळ ग्रंथात ब्राह्मणाचे नाव नाही. मराठी परंपरेने त्याला सुदेव म्हटले व निरोपाला पत्रिकेचे रूप दिले. हे सात श्लोक अभ्यासकांनी एकदा केवळ नामांकडे दृष्टी ठेवून वाचावे. त्यात श्रीकृष्णांना उद्देशून नामांमागून नामे आली आहेत. त्रिभुवनात सुंदर, मुकुंद, अच्युत, अजित, कमलनयन अशा प्रत्येक विनवणीला एक नवे संबोधन आहे. शिशुपालाचा उल्लेख आहे, विदर्भ देशाचा आहे, कुलदेवीच्या यात्रेचा आहे. नाही ते एवढेच : पाठविणारीचे स्वतःचे नाव. सातही श्लोकांत 'रुक्मिणी' हा शब्द एकदाही येत नाही.

आजचा वाचक म्हणेल, निरोप घेऊन जाणारा समोर उभा आहे, मग नाव सांगण्याची गरज काय? तसेही असेल. पण निरोपात पित्याचे नाव नाही, कुळाची थोरवी नाही, रूपाचे वर्णन नाही. ज्या रुक्म शब्दाने सारे घराणे मिरवीत होते तो शब्दच नाही. जे आहे ते असे. आपण गुण ऐकले, त्यामुळे चित्ताने निश्चय केला. विवाह उद्यावर आला आहे. सैन्यासह गुप्तपणे यावे, पराक्रम हेच शुल्क देऊन न्यावे. अंतःपुरात शिरून आप्तांना मारल्यावाचून कसे न्यावे, असा प्रश्न पडेल तर विवाहाच्या आदल्या दिवशी वधूला नगराबाहेर गिरिजेच्या देवळी नेण्याची आमची रीत आहे. आणि हे न घडले तर शंभर जन्म लागले तरी व्रताने देह झिजवीन. राजकन्येच्या या निरोपात भक्ती तर आहेच, पण दिवस, स्थळ आणि मार्ग यांचा नेमका विचारही आहे. आपल्याला सोडविण्याची योजना तिनेच आखली आहे. पुढे साठाव्या अध्यायात श्रीकृष्ण विनोदाने तिला म्हणतात की, तुझ्या योग्य असे राजे सोडून आम्हांस वरलेस ही चूक झाली. तेथे ते तिला राजपुत्री म्हणतात, वैदर्भी म्हणतात. ती आधी भयाने मूर्च्छित होते. सावध झाल्यावर जे उत्तर देते ते त्यांच्या एकेका वाक्याचा अर्थ फिरवून दिलेले आहे. भागवतातील स्त्रियांच्या मुखी इतके शास्त्रशुद्ध उत्तर थोडेच सापडेल.

येथे 'रुक्मिणी म्हणजे लक्ष्मी' या समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. पुराणांनी तिला लक्ष्मीचा अवतार म्हटले आहे, हे खरे. ज्या परंपरा श्रीकृष्णांना विष्णूचा अवतार मानतात त्यांच्या दृष्टीने ते ओघानेच येते. परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न निरूपिले. श्रीकृष्णचक्रवर्ती हे परमेश्वर अवतार, ते कोणा देवतेचे अवतार नव्हेत. हे ज्याने स्वीकारले त्याच्या घरी 'रुक्मिणी म्हणजे लक्ष्मी, म्हणून धनधान्याची देवी' हा अर्थ बसत नाही. पाटीवर एक अर्थ आणि पाठात दुसरा असे होऊ नये. पंथीय घरात या नावाचा अर्थ लीळेतून घ्यावयाचा आहे. रुक्मिणी म्हणजे ती, जिने गुणश्रवणाने परमेश्वर अवताराचा निश्चय केला आणि जिचा निश्चय भावाच्या बळाने ढळला नाही. येथे एक सूक्ष्म भेद सांभाळावा लागतो. स्मरण करावयाचे ते परमेश्वराच्या नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे; रुक्मिणी हे स्मरणाचे नाम नव्हे. परंतु हे नाम उच्चारताच लीळा आठवते. मुलीला दररोज हाक मारणाऱ्या घरात तेवढे घडले तरी थोडे नाही.

पंथाच्या वाङ्मयाने या नावाला दिलेले स्थान सर्वांस ठाऊक आहे, तरी एक-दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. भटोबासांची चुलत बहीण महदंबा हिने रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी जे धवळे म्हटले ते रुक्मिणीस्वयंवराचे. तेराव्या शतकाच्या नवव्या दशकातील ही रचना. धवळे म्हणजे विवाहात वराला उद्देशून म्हणावयाची गीते. म्हणजे मराठीतील आद्य कवयित्रीने वरासाठी गाताना विषय निवडला तो वधूच्या निश्चयाचा. महदंबा स्वतः बालविधवा. स्वामी तिला 'म्हातारी' म्हणत आणि तिच्या प्रश्न विचारण्याच्या वृत्तीचे कौतुक करीत. जिला स्वतःच्या विवाहात निवड करता आली नाही तिच्या मुखातून हे गीत आले, याकडे विवेचकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. अक्षरमालेच्या क्रमाने रचलेले मातृकी रुक्मिणीस्वयंवरही तिच्याच नावावर आहे. जागाही पाहण्यासारखी आहे. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातले, आणि जेथून हरण झाले ते कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या तीरावर, तिवसा तालुक्यात. आज दोन्ही गावे अमरावती जिल्ह्यात. महदंबा परदेशची कथा गात नव्हती, ती माहेरची कथा गात होती.

थोड्याच वर्षांनी, इ. स. १२९२ च्या सुमारास, नरेंद्राने आपले रुक्मिणीस्वयंवर रचले. तो रामदेवराव यादवाच्या सभेतला कवी. राजाने ग्रंथ आपल्या नावे करण्याची इच्छा दर्शविली व प्रत्येक ओवीस सोन्याचे नाणे देऊ केले, परंतु कविकुळास बोल लागेल म्हणून नरेंद्राने ते नाकारले, असे परंपरा सांगते. पुढे तो पंथात आला. रुक्म म्हणजे सोने. त्या नावाच्या ग्रंथासाठी सोने नाकारले गेले, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही. पंथात पुढेही या विषयावर रचना होत राहिल्या आणि पंथाबाहेरही तो विषय तितकाच प्रिय ठरला. एकनाथांनी वाराणसीत शके १४९३ म्हणजे इ. स. १५७१ मध्ये रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केले. विवाह जुळावा म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करण्याची रीत महाराष्ट्रात पडली. तेलुगू मुलुखात पोतनाच्या भागवतातील रुक्मिणीकल्याण अगदी याच हेतूने वाचले जाते. या पारायणांविषयी एक बोलावे लागेल. वर मिळावा म्हणून जे वाचावयाचे त्यात वराला नकार देणारी कन्या आहे, हे वाचून घेणारे वडील सहसा लक्षात घेत नाहीत.

आता 'रखमा'. हे रूप अडाण्याच्या तोंडी बिघडलेले आहे, असा समज आहे. तो तपासण्यास प्राकृतापासून आरंभ करावा लागतो. प्राकृतात 'क्म' या जोडाक्षराचा 'प्प' होतो, असा हेमचंद्राचा नियम आहे आणि त्याप्रमाणे रुक्मिणीचे रूप 'रुप्पिणी' असे होते. जैनांच्या अंतगडदसाओ या आगमात श्रीकृष्णांच्या राण्यांत रुप्पिणी हे नाव आलेलेच आहे. या रूपाने एक गंमत केली. प्राकृतात 'रुप्प' म्हणजे रुपे, चांदी. त्यामुळे रुक्मी आणि रुपे यांचे ध्वनी एक झाले. तत्त्वार्थसूत्रात जंबुद्वीपाचे सहा पर्वत सांगितले आहेत. त्यांतील रुक्मी हा पर्वत चांदीचा सांगितला आहे, सोन्याचा नव्हे! नाव सोन्याचे आणि पर्वत रुप्याचा, असा प्रकार प्राकृत उच्चारातून झाला असावा, असेच म्हणावे लागते.

सरळ प्राकृताच्या वाटेने नाव मराठीत आले असते तर आज घरोघरी 'रुपिणी' असे काही रूप ऐकू आले असते. तसे झाले नाही. मराठीत आहेत ती रुखमिणी, रुखमा, रखुमा, रखमा, रखुमाई ही रूपे. त्या सर्वांत 'क्म' चा कंठ्य वर्ण जिवंत आहे, तो 'प' झालेला नाही. याचा अर्थ असा की हे नाव प्राकृतातून वारशाने आलेले नाही. पुराणश्रवण, कीर्तन आणि लग्नगीते यांतून ते संस्कृतातून नव्याने घेतले गेले आणि मग मराठी जिभेने त्याला आपल्या वळणावर नेले. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालणे हे ते वळण. रत्नाचे रतन, जन्माचा जनम, भक्ताचा भगत, तसे रुक्मिणीचे रुखुमिणी. उकार पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला की रखुमा. 'क' चा 'ख' कसा झाला, याचे उत्तर 'लखमी' या रूपात असावे. लक्ष्मीचे लखमी, लक्ष्मणाचा लखमण हे नियमाने झालेले बदल आहेत आणि त्यांच्या शेजारी रखमा हे यमकासारखे बसले. तेव्हा 'रखमा' हे बिघाड नव्हे. एका संस्कृत नावाला मराठीने दिलेले ते स्वतःचे रूप आहे, जसे गोविंदाचे गोंदा नि विठ्ठलाचे विठू. रखमाजी हे पुरुषनामही त्यातूनच झाले. स्त्रीच्या नावावरून पुरुषाचे नाव होणे विरळा, तेही येथे घडले.

'रखुमाई'च्या शेवटचे 'आई' हे जन्मदात्रीवाचक असण्यापेक्षा आदरवाचक आहे. लीळाचरित्र वाचणाऱ्यास हे सांगणे नको. महदाइसा, उमाइसा, देमाइसा, हिराइसा या नावांत तोच आदर आणखी एका 'सा'ने वाढविला आहे. रखुमाई हे त्याच काळच्या मराठी स्त्रीनामांच्या घडणीचे नाव होय. वारकरी संप्रदायात ते पंढरपूरच्या देवळाशी जोडले गेले. कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपुरास जाते, तीही माहेरच्या नात्यानेच.

नावाचा प्रसार किती होता याची मोजदाद जुन्या काळी कोणी केली नाही. पण काही ठळक घरे पाहिली तरी कल्पना येते. आळंदीच्या विठ्ठलपंतांची पत्नी, ज्ञानेश्वरादी भावंडांची माता, रुक्मिणी. पैठणच्या एकनाथांची माता रुक्मिणी. ते लहान असतानाच ती गेली. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी रखुमाबाई. दुष्काळात ती अन्नावाचून गेली. तीन शतकांच्या अंतराने तीन संतांच्या घरी हे एकच नाव आहे. तीनही स्त्रियांच्या वाट्याला आलेले जीवन मात्र स्वयंवराच्या सोहळ्यासारखे नव्हते.

अर्वाचीन काळात हे नाव साऱ्या देशात गाजले ते न्यायालयातून. मुंबईच्या रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह लावून देण्यात आला होता. मोठेपणी त्यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला; अपिलात तो निर्णय फिरला आणि १८८७ मध्ये पतीकडे जा अथवा तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. या काळात त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या सहीने इंग्रजी वृत्तपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली, आणि त्या पत्रांतही लिहिणारीचे नाव नव्हते. पुढे लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापूर्वी जी चर्चा पेटली तिच्यात या खटल्याचा वाटा मोठा होता. विधिग्रंथांत तो 'रुखमाबाई' याच रूपाने नोंदला गेला आहे. शाळेत 'रखमा' म्हणून हिणवतील अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे एक नाव मुलीस सांगावे.

महाराष्ट्राबाहेर नावाची रूपे पालटतात, कथा टिकते. तमिळ देशात रुक्मणी, उत्तरेकडे रुकमणी किंवा रुकमिन. मद्रासला १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन करणाऱ्या व १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे दक्षिणेत त्या नावाला नवी प्रतिष्ठा आली. गुजरातेत पोरबंदर जिल्ह्यातील माधवपूर घेड येथे विवाह झाला, अशी श्रद्धा आहे. चैत्रात रामनवमीपासून तेथे त्याचा मेळा भरतो. आसामात शंकरदेवांनी रुक्मिणीहरण काव्य व नाट्य दोन्ही रचले. अरुणाचलातील इदू मिशमी लोक रुक्मिणीला आपली कन्या मानतात व तेथील भीष्मकनगराचे अवशेष तिच्या पित्याचे समजतात. २०१८ पासून माधवपूरच्या मेळ्यात त्या भागातील लोकांना निमंत्रण असते. कुंडिनपूर वर्धेच्या तीरीचे हे आपल्याला निःसंशय वाटते. परंतु इतक्या दूरच्या लोकांनी कन्येवर हक्क सांगावा यात राग येण्यासारखे काही नाही. वऱ्हाडात तरी एकवाक्यता कोठे आहे? देवीदर्शनाचे स्थळ कौंडिण्यपूरचे की अमरावतीच्या अंबादेवीचे, हा वाद अजून चालू आहे.

सर्वांत आश्चर्य जावा बेटाचे. तेथे बाराव्या शतकात, म्हणजे महदंबेच्याही आधी, जुन्या जावी भाषेत त्रिगुण कवीने कृष्णायन आणि पनुलुह कवीने हरिवंश रचले. दोहोंचा मुख्य विषय रुक्मिणीचे हरण. पूर्व जावातील पनतरनच्या देवळाच्या भिंतीवर कृष्णायनाची शिल्पे कोरलेली आहेत. धर्म पालटला तरी नाव राहिले. मुसलमान घरांतूनही रुक्मिनी हे स्त्रीनाम तेथे चालते. इंडोनेशियात स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून ज्यांना मान आहे त्या कार्तिनी यांच्या एका बहिणीचे नाव हेच होते. आणि कार्तिनींची कीर्तीही पत्रांचीच.

आज मराठी घरांत नवजात मुलींची नावे दोन-अडीच अक्षरांची झाली आहेत; त्यांत चार वर्णांचे, जोडाक्षराचे हे नाव मागे पडणे स्वाभाविक आहे. वऱ्हाडातल्या खेड्यांत रखमाबाई, रुखमाबाई आता बहुधा आजीच्या वयाच्या असतात. कन्नड व बंगाली चित्रपटांत मात्र या नावाच्या तरुण नट्या आहेत, तेव्हा नाव जुने झाले हे म्हणणे प्रांतापुरतेच खरे. काही घरे जन्मनक्षत्राचे अक्षर पाहून नाव ठेवतात. त्यांच्या चक्रात 'रू' हे स्वातीच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे, एवढे सांगितले की त्यांची अडचण दूर होते. ज्यांना देवताचक्राचे कारण नाही त्यांना ती वाट पाहण्याचीही गरज नाही.

लिहिण्याविषयी शेवटी एक सूचना. शाळेच्या दाखल्यावर रुक्मिनी, रुक्मीणी, रुख्मिणी अशी रूपे आढळतात. पहिल्या दोहोंत व्याकरणाचा दोष आहे. तिसऱ्यात 'ख' हा रखमेच्या उच्चारातून शिरलेला आहे, म्हणून संस्कृत रूप म्हणून तो लिहू नये. दाखल्यावर 'रुक्मिणी' लिहावे आणि घरात खुशाल 'रखमा' म्हणावे. पण पोथीचे लिप्यंतर करताना हा नियम लावू नये. जुना लेखकु इकार-उकार आपल्या कानाने लिहितो; सकळ वा सुंदरी लिपीतून उतरवून घेताना त्याचे रूप 'सुधारले' तर महदंबेच्या काळी हे नाव कसे उच्चारले जात होते याचा एकमेव साक्षीदार गप्प केल्यासारखे होते. तेथे रुखमिणी असेल तर रुखमिणीच ठेवावी, आणि शुद्ध रूप हवेच असेल तर ते टीपेत द्यावे.